चितारओळीतून चित्रपुस्तकांकडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. शाळांच्या भेटींत, ग्रंथोत्सवात आणि पालकांच्या पत्रांतून मला साधारण हेच प्रश्न येतात. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. घरच्या माणसांबद्दल आणि कामाबद्दल विचारलंत की मी लांबण लावते, पुरस्कारांबद्दल विचारलंत की गप्प बसते.

तुम्ही मूळच्या नागपूरच्याच का?

हो. जुन्या नागपुरातल्या, महाल आणि इतवारी यांच्या मधल्या पट्ट्यातल्या. रिक्षावाल्याला 'चितारओळी' एवढं सांगितलं की तो पुढचं विचारत नाही. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस मात्र तो आत यायलाच तयार होत नाही.

चितारओळी म्हणजे नेमकं काय?

चितारी लोकांची गल्ली. मूर्ती घडवणारे, रंगवणारे, भिंतींवर चित्रं काढणारे, पाळणे-पालख्या सजवणारे असे सगळे एका रांगेत राहत आले. घराचा पुढचा भाग कारखाना आणि मागे संसार. पावसाळ्यात संसार आणखी मागे सरकतो, कारण पुढे मूर्ती वाळत असतात आणि हवा दमट असली की त्या वाळता वाळत नाहीत. मग शेगड्या पेटतात, बल्ब लटकतात आणि घरातल्या कपड्यांना आश्विनापर्यंत धुराचा वास येतो.

बाहेरच्यांना ही ओळ गणपतीतच आठवते. आमचं वर्ष आषाढात सुरू होतं. आषाढ अमावस्येला जिवती, मग नागपंचमीचे नाग, गोकुळाष्टमीला कान्होबा, पोळ्याला मातीचे बैल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, त्यासाठी लाकडी नंदी रंगवून द्यायचे. त्यानंतर तीनच दिवसांनी गणपती. लगोलग महालक्ष्म्यांचे मुखवटे, मग भुलाबाई, दुर्गा, शेवटी दिवाळीच्या लक्ष्म्या. दिवाळीनंतर ओळ झोपते.

या यादीतली बरीचशी गिऱ्हाइकं लहान मुलं आहेत. नंदी त्यांचाच. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई मांडून तिच्यापुढे गाणी म्हणतात, खिरापत काय आणली ते ओळखायला लावतात, त्या मुलीच. जिवती तर मुलांच्या आयुष्यासाठीच पुजतात. मुलांसाठी चित्रं काढणं हा मी निवडलेला वेगळा रस्ता आहे, असं माझ्याकडून मुलाखतींत वदवून घ्यायचा प्रयत्न होतो. आमच्या ओळीत तो जुनाच धंदा आहे. मी फक्त माती सोडून कागद घेतला.

म्हणजे तुमच्या घरात किती पिढ्यांपासून चित्रकला आहे?

मोजलेल्या नाहीत. नागपूरकर भोसल्यांच्या काळात चितारी इथे वसले, वाड्यांच्या भिंती रंगवल्या, पोथ्यांत चित्रं काढली, असं घरात सांगतात. 1853 मध्ये तिसरे रघुजी वारले, इंग्रजांनी राज्य खालसा केलं आणि दरबारी काम आटलं. मग सणांवरच पोट आलं. यापलीकडे आमच्याकडे सनद नाही, वंशवेल नाही, जुनं चित्रही नाही. असणार तरी कसं? आमच्या घरात जे घडलं ते बहुतेक सगळं पाण्यात गेलं. उरलेलं चुन्याखाली गेलं.

'सात पिढ्यांचा वारसा' वगैरे मथळे वृत्तपत्रं देतात. तो आकडा मी दिलेला नाही.

जिवतीबद्दल तुम्ही नेहमी बोलता. ते काय आहे?

भिंतीवर लावायचा कागद. आता तो छापील मिळतो, कुठल्याही किराणा दुकानात. त्यात वर नरसिंह, दुसरीकडे कालियाच्या फण्यांवर उभा कृष्ण, मध्ये मुलं खेळवणाऱ्या जिवत्या, खाली हत्तीवर बुध आणि वाघावर बृहस्पती. आमचे आबाजी, म्हणजे वडिलांचे वडील, काही ठरावीक जुन्या घरांसाठी तो हातानं काढून देत. त्या घरांना छापील चालत नसे. त्यातल्या पाळण्यांना रंग भरायचं काम लहानपणी माझ्याकडे होतं. पाळणा लाल, दोरी पिवळी, बाळ गुलाबी. ठरलेलं.

आज चित्रपुस्तक करताना मला त्या कागदाची रचना आठवते. एकाच पानावर चार वेगळ्या गोष्टी चालू आहेत, पण डोळा हरवत नाही. पाट मांडून खाली बसलेल्या मुलाच्या नजरेसमोर काय येतं? बुधाचा हत्ती आणि बृहस्पतीचा वाघ. मुलांना जनावरं आधी हवी असतात आणि ती खालीच असतात. हे कोणी ठरवून केलं असेल का, मला सांगता येणार नाही. पण माझ्या पुस्तकांत पानाचा खालचा तिसरा भाग कायम जनावरांचा असतो आणि त्याचं कारण हेच आहे.

आबाजी फक्त मूर्तीच करायचे का?

नाही. दिवाळीनंतर ओळ झोपली की ते झाडीपट्टीत जात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत दिवाळी ते होळी रात्रभर नाटकं चालतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्या कंपन्यांचं ठाणं. त्या नाटकांना रंगवलेले पडदे लागत: महाल, रस्ता, जंगल, गरिबाचं घर. चार पडद्यांत कुठलंही नाटक उभं राहायचं.

आबाजी पडदा अंगणात पसरून रंगवत. भुकटीचे रंग, सरसात कालवलेले. थोड्या थोड्या वेळानं उठून थेट गल्लीच्या टोकाला जात आणि तिथून डोळे बारीक करून बघत, कारण नाटक बघणारा माणूस शेतात तणसावर बसलेला असायचा, पार मागे. जंगलाच्या पडद्यात ते सूर्य काढू देत नसत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मंग रातच्या परवेशाले कोन्ता पडदा लावन वं तो?" तोच पडदा रात्रीलाही लागणार, तर त्यात सूर्य कशाला!

चित्रांच्या बाबतीत इतकं उपयोगाचं मला त्यानंतर फार कमी जणांनी सांगितलंय. एका पुस्तकात तेच अंगण सकाळ, दुपार, रात्र असं पाच पानांवर येणार असेल, तर पहिल्या पानावर सावल्या किती पाडायच्या हे आधी ठरवावं लागतं.

आणि वडील?

बाबा पेंटर. नागपुरात 'पेंटर' म्हटलं की पाट्या रंगवणारा. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागच्या ओळी, भिंतीवरच्या सिमेंटच्या जाहिराती, सिनेमाची होर्डिंगं. चौकटी आखून छोट्या फोटोवरून वीस फुटी चेहरा उतरवायचा, तोही बांबूच्या पायाडावर उभं राहून. चेहऱ्याचा एक गाल रंगवताना दुसरा गाल दिसत नाही.

दोन हजारच्या दशकात फ्लेक्स आलं आणि हे काम पाहता पाहता बसलं. बाबांचे बरेच सोबती प्लास्टरच्या, पीओपीच्या कामाला लागले. बाबा ओळीत परतले आणि मूर्ती करू लागले. घरात त्यावर चर्चा वगैरे झाली नाही. एक दिवस पायाडाचे बांबू मूर्तीच्या सांगाड्यासाठी चिरले गेले, एवढंच.

माझ्या पुस्तकांची शीर्षकं हातानं काढलेली असतात ती बाबांमुळे. देवनागरी काढायची तर आधी शिरोरेघ ओढायची नाही, अक्षरं लटकवून घ्यायची आणि रेघ शेवटी, ही त्यांची पद्धत. 'क' आणि 'फ' यांची पोटं फुगली की ओळ श्वास घेते आणि जोडाक्षराला जागा द्यायची तर शेजाऱ्याकडून मागून घ्यायची. काही शीर्षकं आजही तेच काढून देतात. श्रेयनामावलीत त्यांचं नाव टाकलं तर म्हणतात, "पैसे टाक त्यापेक्षा."

आईकडे पण कोणी चित्रकार होतं का?

आईचं माहेर तांडापेठेतलं, कोष्ट्यांचं. तिथे माग होते. जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 ला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. पुढे गिरण्यांच्या स्वस्त कापडानं हातमागाची बाजारपेठ आक्रसत गेली आणि मागावरची माणसं हळूहळू गिरणीत गेली. आईचे आजोबा गिरणीत, आईचे बाबा परत मागावर, मामा सावजी भोजनालयात. (सावजी रस्सा ही आमच्याच लोकांची देणगी. तिखट लागलं तर माफी मागणार नाही.)

आईचे बाबा करवतकाठी साड्या विणायचे. टसरचं अंग, सुती काठ आणि काठावर करवतीच्या दातांची नक्षी. हे तीन धोट्यांचं काम असतं. धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे जाणारं साधन. एक धोटा अंगाचा, दोन धोटे दोन बाजूंच्या काठांचे. जिथे काठ अंगाला भेटतो तिथे प्रत्येक फेरीत धागे एकमेकांत अडकवायचे, म्हणजे दात उमटतो. सोबत दुसरं माणूस लागतं. सुटीत ते माणूस म्हणजे मी. पलीकडचा धोटा झेलायचा, परत द्यायचा, आणि बोलायचं नाही, कारण बोललं की मोजणी चुकते.

लोकांना वाटतं माझ्या पुस्तकांतल्या नक्षीदार चौकटी तिथून आल्या. काही आल्या, नाकारत नाही. पण मागानं दिलेली मोठी गोष्ट वेगळी आहे. काठाचा रंग आणि अंगाचा रंग वेगवेगळे न ठरवता ते भेटतात त्या जागेवरून ठरवायचे, ही सवय. आजही पान रंगवताना मी आकाश आणि जमीन जिथे मिळतात तिथला पट्टा आधी रंगवून बघते. तो जमला तर बाकीचं पान जमतं.

मुलगी म्हणून घरात हे काम करायला अडचण आली का?

काम करायला कधीच नाही. माती तुडवणं, खडूची भुकटी चाळणं, चिंचोक्याची खळ शिजवणं, अस्तर देणं, दागिन्यांना सोनेरी लावणं, हे सगळं बायकाच करत आल्या. अडचण आखणीला होती. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. ते पुरुषांचं काम. त्याबद्दल कोणी नियम सांगितला नव्हता, पण आखणीचा ब्रश आबाजींच्या उशाशी असायचा आणि त्याला कोणी हात लावत नसे.

मी कॉलेजात असताना आबाजींना मोतीबिंदू झाला. बाबा त्या दिवशी दुसऱ्या कामावर. दारात गिऱ्हाईक उभं, सोबत बँडवाले, मुहूर्त जवळ. आबाजींनी ब्रश माझ्या हातात दिला आणि शेजारी पाटावर बसले. दिसत नव्हतं तरी बसले.

कसं काढतात ते सांगते. उजव्या हाताची करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवायची, पण दाबायची नाही, कारण खालचा रंग ओला असतो. काळा पातळ हवा, ओघळणारा नको. वरची पापणी आधी. नाकाकडून कानाकडे एका दमात, मध्ये थांबलं की रेघेत गाठ येते. मग खालची. मग बुबुळ. बुबुळ मधोमध नसतं, किंचित खाली असतं, कारण मूर्ती उंचावर बसणार आणि माणूस खाली हात जोडून उभा राहणार. नजर त्याच्यावर पडली पाहिजे. शेवटी पांढरा ठिपका.

झाल्यावर आबाजींनी मला काही न विचारता गिऱ्हाइकाला विचारलं, "पाह्यते का तुमच्याकडं?" तो म्हणाला, हो, पाहतो. मूर्ती गेली. त्यानंतर आखणीला मीही बसते, अजूनही.

मग चित्रपुस्तकांकडे कशा वळलात?

वाचनानं. सीताबर्डीच्या फुटपाथवर जुने अंक मिळायचे. बाबा पाट्यांचं सामान आणायला जात तेव्हा सोबत गठ्ठा आणत. 'चांदोबा' असे आणि 'किशोर' असे. 'किशोर' हे बालभारतीचं मासिक, 1971 पासूनचं. त्याचे जुने अंक बालभारतीनं संकेतस्थळावर मोफत ठेवलेत, मुलांना जरूर दाखवा. मला गोष्टीपेक्षा एकाच अंकात वेगवेगळ्या हातांची चित्रं आहेत याचं नवल वाटे. एकाचं झाड बारीक रेघांचं, दुसऱ्याचं नुसता काळा डाग. आमच्या ओळीत सगळ्यांचे गणपती सोंडेवरून ओळखू येत, हा अमक्या घरचा, तो तमक्या घरचा. तसंच कागदावरही करता येतं आणि त्याचे पैसे मिळतात, हे कळायला वेळ लागला.

शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट झाल्या. कला संचालनालयाच्या चित्रकलेच्या या परीक्षा महाराष्ट्रातली लाखो मुलं देतात, बरीचशी दहावीच्या वाढीव गुणांसाठी. मीही त्याचसाठी दिल्या. मग नागपूरच्याच शासकीय चित्रकला महाविद्यालयात प्रवेश घेतला. त्यानंतर एका दैनिकाच्या मुलांच्या पुरवणीत आठवड्याला चार चित्रं, पैसे तुटपुंजे आणि मुदत कडक. मुदतीचं मला काही वाटलं नाही. चतुर्थी कोणासाठी पुढे ढकलत नाहीत हे घरात पाहिलेलं होतं. पुरवणीतली चित्रं पाहून एका छोट्या प्रकाशकानं पहिलं पुस्तक दिलं.

कॉलेजात काय मिळालं, जे घरी मिळालं नसतं?

पाहायला शिकले. घरी कोणी समोर बघून काढत नसे. बैल कसा काढायचा ते हाताला ठाऊक होतं, त्यासाठी बैल लागत नसे. कॉलेजात पहिल्यांदा जिवंत माणूस समोर बसवून सांगितलं, हे काढा, जसं आहे तसं. हात लाकडासारखा झाला. मग मी सुटीच्या दिवशी अजब बंगल्यात जाऊन बसू लागले. हे आपलं मध्यवर्ती संग्रहालय, 1863 पासूनचं. तिथले भुसा भरलेले प्राणी हलत नाहीत, फी मागत नाहीत. तिथून महाराजबागेत, हलणाऱ्या प्राण्यांकडे.

एका गोष्टीशी मात्र माझं जमलं नाही. तिथे सतत 'स्वतःला व्यक्त करा' म्हणत. आमच्या घरात कोणाला कधी व्यक्त व्हायला सांगितलं नव्हतं. काम कोणासाठी आहे, कधी हवं आहे आणि ते कुठे ठेवलं जाणार आहे, हे तीन प्रश्न असत. मला आजही त्यांच्यापासूनच सुरुवात करता येते. कॅनव्हास टांगून 'आता काहीही काढ' म्हटलं तर मी चहा करायला जाते.

तुमचे राक्षस भीतीदायक का नसतात?

हा प्रश्न शिक्षक विचारतात, मुलं नाही.

नागपूरबाहेरच्यांसाठी सांगते: तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते. काळी मारबत आणि पिवळी मारबत, भल्यामोठ्या बायकांचे पुतळे, बांबू-कागदाचे. सोबत बडगे, म्हणजे महागाई, भ्रष्टाचार, त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आलाय त्याचे पुतळे. "ईडा, पीडा, खासी, खोकला घेऊन जा गे मारबत!" अशा आरोळ्या ठोकत अख्खं जुनं नागपूर रस्त्यावर येतं आणि शेवटी सगळं जाळतात. काळ्या मारबतीचं तोंड लालभडक, जीभ बाहेर, स्तन हे एवढे. आणि तिच्यासमोर बापाच्या खांद्यावर बसलेली पोरं टाळ्या पिटत असतात.

मी त्या खांद्यावर बसलेली आहे. तिची भीती वाटायची, पण ती आपलीच बाई आहे आणि आपला खोकला घेऊन चाललीय हेही माहीत असायचं. माझे राक्षस तिचे भाऊबंद आहेत. त्यांचे दात मोठे असतात आणि पोट घरच्यासारखं असतं. मुलांना घाबरवायचं नाही असं माझं मुळीच म्हणणं नाही. घाबरताना कोणाच्या तरी खांद्यावर असावं, म्हणून माझ्या भीतीच्या प्रत्येक पानावर कोपऱ्यात एक ओळखीचं माणूस असतं. शोधा.

पुण्या-मुंबईला का गेला नाहीत?

प्रकाशक तिकडे, चित्रं इंटरनेटवरून जातात, घरभाडं इथे कमी. हे झालं व्यवहाराचं. दुसरं कारण जरा रागाचं आहे.

सुरुवातीला एका प्रकाशकानं विदर्भातल्या गावावरची गोष्ट दिली आणि सोबत 'संदर्भासाठी' फोटो पाठवले. लाल चिऱ्यांची घरं, माड, समोर तुळशीवृंदावन, दारात होडी असती तरी नवल नव्हतं. मी मातीच्या भिंती, कवेलूंचं छप्पर, मागे मोह आणि पळस असं काढून पाठवलं. उत्तर आलं: 'गाव वाटत नाही.' आमच्या मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकात कोकणातलं गाव बघितलं आणि चित्रकलेच्या वहीत डोंगरामागून सूर्य काढला. नागपूरच्या सपाटीवर डोंगर आहेत कुठे? सेमिनरी हिल्सला टेकडी म्हणतो आम्ही, तेही अभिमानानं.

इथे राहिल्यामुळे मला भांडता येतं. मेमधलं ऊन कसं दिसतं हे मी खिडकीतून दाखवू शकते. सावल्या काळ्या नसतात, निळ्या असतात, आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. मोहाची फुलं गळतात ती पहाटे, म्हणून वेचणाऱ्या बायकांच्या चित्रात उजेड पहाटेचा हवा. असल्या गोष्टी पुण्यात बसून चुकल्या असत्या आणि चुकल्याचं कळलंही नसतं.

वाघ पाहिलाय का?

हो, ताडोबात. चित्रात काढते तो मात्र जिवतीतला.

एक पुस्तक कसं तयार होतं?

संहिता आली की आधी चित्र काढत नाही. कागद दुमडून छोटी डमी करते, बोटाएवढी चित्रं, नुसते गोळे. पान उलटताना काय व्हायला हवं ते त्यात ठरतं. देवनागरी डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून धावणारं पात्र उजवीकडे धावतं आणि घरी परतणारं डावीकडे. छपाईचा मोठा कागद दुमडला की सोळा पानांचा एक फर्मा होतो, अर्धा फर्मा आठ पानांचा, म्हणून पुस्तक सोळा, चोवीस, बत्तीस पानांचं असतं. लेखकाला सतरा पानांची गोष्ट सुचली तर एक पान कोणाला तरी गिळावं लागतं, आणि ते बहुधा मीच गिळते. समोरासमोरच्या दोन पानांवर एकच चित्र असेल तर मधल्या शिवणीत काही ना काही जातंच. तिथे चेहरा ठेवायचा नाही. कडेला तीन मिलिमीटर रंग जास्तीचा सोडायचा, कापताना पांढरी रेघ राहू नये म्हणून.

रंग आणि ब्रश कोणते वापरता?

पोस्टर कलर, गोवाश, थोडं जलरंग. संगणकावर फक्त साफसफाई. रंग महागडे असावेत असं काही नाही, कागद मात्र चांगला घ्या.

ब्रशबद्दल एक गंभीर गोष्ट. जुन्या दुकानांत कधी कधी 'मुंगसाचा ब्रश' म्हणून कौतुकानं दाखवतात. घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो विकणं आणि बाळगणं गुन्हा आहे, आणि एका ब्रशामागे मारलेली मुंगसं असतात. सिंथेटिक ब्रश आता उत्तम मिळतात. मी आखणीसुद्धा त्यानंच करते.

आणि हो, नागपूरची असून माझी संत्री पुस्तकात फिकट का दिसतात, असं एका मुलानं विचारलं होतं. छपाईच्या चार शायांत नारिंगी शाई नसते. पिवळी आणि मॅजेन्टा मिळून ती बनवावी लागते आणि मूळ चित्राची झळाळी त्यात उतरत नाही. पाचवी शाई घ्यायची तर प्रकाशकाचा चेहरा फिकट होतो. म्हणून मी संत्र्याभोवती मळकट निळा वापरते, त्यानं ते उजळ भासतं.

मानधन किती घ्यावं? करारात काय पाहावं? (कला महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांसाठी)

आकडा सांगत नाही, पुस्तक आणि प्रकाशक बघून तो बदलतो. पण तोंडी काम घेऊ नका. भारताचा स्वामित्व हक्काचा कायदा 1957 चा आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. म्हणून 'सर्व हक्क, कायमचे, जगभर' अशी ओळ दिसली की थांबा आणि त्याचे वेगळे पैसे मागा. मूळ चित्रं परत मिळतील हेही लिहून घ्या. एका ठिकाणी माझी चित्रं 'गोदामात आहेत' असं अजून सांगतात.

बाबांच्या धंद्यात निम्मे पैसे आधी, निम्मे पाटी चढल्यावर. मी तेच चालवलंय. सुशिक्षित प्रकाशकांना ते सुरुवातीला उद्धट वाटतं.

माझी मुलगी दिवसभर चित्रं काढते. क्लास लावू का?

तिनं मागितला तर लावा. नाही तर कागद द्या, भरपूर द्या, पाठकोरे द्या, आणि 'हे काय काढलंस' असं विचारू नका. शक्य असेल तर तिला काम द्या. घरातल्या पूजेचं चित्र, आजीला पाठवायचं पत्र, दुकानाचा फलक, दारावरची पाटी. तिचं चित्र कुठेतरी वापरलं जातंय हे तिला दिसू द्या. मला चित्रकलेचा तास आवडत नसे, पण माझा पाळणा कोणाच्या तरी भिंतीवर लागणार आहे म्हटलं की मी रेघेबाहेर रंग जाऊ देत नसे.

मूळ चित्रं विकत मिळतात का?

काही मिळतात. जिवतीवरून केलेल्या मालिकेतली नाहीत, ती आईनं ठेवून घेतलीत.

आमच्या शाळेत याल का?

येईन. नागपूर आणि आसपासच्या जिल्हा परिषद शाळांकडून मानधन घेत नाही, फक्त एसटीच्या वेळेनुसार कार्यक्रम ठेवा. मुलं चाळीसच्या आत असावीत आणि खाली बसायची सोय असावी, बाकांवर चित्रं होत नाहीत. येताना मी माती आणते, कागद शाळेनं द्यावा. आषाढ अमावस्येपासून कोजागिरीपर्यंत मात्र बोलावू नका, तेव्हा मी ओळीत असते. तारखा मागायच्या तर दिवाळीनंतर लिहा आणि शाळेचं नाव, गाव, इयत्ता हे पहिल्याच पत्रात कळवा.